दोन्ही बाजूंचा वकील

धाराशिवचे नाव आपल्या वाचकांच्या मनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नावाशी जोडले गेले आहे. जानेवारी २०२० मध्ये, गावाचे कागदोपत्री नाव उस्मानाबाद असताना, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले आणि वसईच्या एका धर्मगुरूने त्याचे अध्यक्षपद भूषविले. संमेलननगरीला नाव होते संत गोरोबाकाकांचे, कारण गोरोबांचे तेर याच जिल्ह्यात. फादर २०२४ च्या जुलैत आपल्यातून गेले. पण धाराशिव म्हटले की आम्हांला अजूनही तो मांडव आठवतो, आणि त्याच्यामागे तेरच्या कुंभाराची ती जुनी कथा.

कथा सर्वश्रुत आहे. संतमेळा गोरोबांच्या घरी जमलेला असताना मुक्ताईने थापटीकडे बोट दाखवून ती कशासाठी म्हणून विचारले. मडके पक्के की कच्चे हे तिने कळते, असे गोरोबा म्हणाले. मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटी मारीत परीक्षा घेतली. सगळे गप्प बसले; नामदेवांनी मात्र हरकत घेतली आणि तेच कच्चे ठरले. कथेचे पारमार्थिक तात्पर्य आम्हांला मान्य आहे. तरीही वकिली पेशातील आमचे एक स्नेही ही कथा ऐकून दरवेळी एकच प्रश्न करतात : हरकत नोंदवली म्हणून आरोपी दोषी, हा न्याय कोणत्या कायद्यात बसतो?

प्रश्न थट्टेचा आहे, पण प्रस्तुत लेखाचा विषय त्यातच आहे. न्यायालयाचे सोंग आणून कुणाची तरी परीक्षा घेणे, ही गोष्ट आपल्याकडे दोन ठिकाणी घडते. एक, विधी महाविद्यालयांतल्या 'मूट कोर्ट' स्पर्धांत, दुसरे, रंगमंचावर. दोहोंनाही मराठीत 'अभिरूप न्यायालय' हा एकच शब्द आहे. आणि मराठी वाचकाच्या मनात या शब्दाचा अर्थ एका नाटकाने कायमचा ठरवून टाकला आहे. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे ते नाटक. १९६७ च्या डिसेंबरात 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले. सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारे उभी केली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट काढला. तेव्हापासून अभिरूप न्यायालय म्हटले की आपल्याला त्या बंद खोलीत कोंडलेली बेणारे दिसते. या नाटकाचे कथाबीज तेंडुलकरांना विलेपार्ल्यात अशाच एका हौशी मंडळीच्या गप्पा ऐकून सुचले, हे प्रसिद्धच आहे.

धाराशिवला डॉ. बापूजी साळुंखे यांच्या नावाचे विधी महाविद्यालय आहे. तेथील, किंवा अशा कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याने हे नाटक हाती घेतले तर त्याला त्यात काय दिसेल, हा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळत होता. समीक्षकांनी या नाटकाची चिकित्सा पुष्कळ केली. स्त्रीचे शोषण, मध्यमवर्गाचा दांभिकपणा, खेळाआडचे क्रौर्य, हे सारे सांगून झाले आहे. पण नाटक ज्या गोष्टीचे सोंग घेते ती गोष्ट, म्हणजे खटला, कायद्याच्या अंगाने वाचण्याचे कष्ट फारसे कुणी घेतलेले आमच्या वाचनात नाही.

खेडेगावात रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल अभिरूप खटला चालवायचा आहे. मंडळी दुपारीच पोहोचली आहेत. गावातल्या सामंताला कोर्ट म्हणजे काय हे समजावे म्हणून, आणि वेळ जावा म्हणूनही, ते एक लुटुपुटीचा खटला उभा करतात आणि सहकारी शिक्षिका बेणारे हिला आरोपीच्या पिंजऱ्यात घालतात. आरोप भ्रूणहत्येचा, कलम ३०२.

विधी शाखेचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी येथेच थांबेल. भारतीय दंड संहितेचे ३०२ हे खुनाच्या शिक्षेचे कलम. मनुष्यवध म्हणजे काय हे सांगणाऱ्या २९९ व्या कलमाच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात स्वच्छ म्हटले होते की मातेच्या उदरातील अर्भकाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध नव्हे. त्यासाठी ३१२ पासूनची गर्भपाताची कलमे वेगळी होती. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, कलमांचे आकडे बदलले. हे स्पष्टीकरण तसेच राहिले. म्हणजे आरोपपत्रच टिकत नाही. आपल्या ख्रिस्तसभेची गर्भातील जीवाविषयीची भूमिका अर्थातच या स्पष्टीकरणापेक्षा फार वेगळी आहे. पण न्यायालयात आरोप ठेवायचा तो देशाच्या कायद्याने, आरोप करणाऱ्याच्या नीतिकल्पनेने नव्हे. सुखात्मे वकील आहेत. न चालणारे का होईना, पण आहेत. त्यांना हे ठाऊक नसेल काय? आम्हांला वाटते, तेंडुलकरांनी ही चूक जाणूनबुजून ठेवली असावी. या मंडळींना कायदा नको आहे. कायद्याचा आवाज हवा आहे.

पुढे साक्षी. शपथ घ्यायला धर्मग्रंथ नाही, म्हणून ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश पुढे केला जातो. प्रेक्षक हसतो. पोंक्षे, कर्णिक, रोकडे एकामागून एक साक्ष देतात. कर्णिक बेणारेच्या एका नातलगाकडून ऐकलेली तिच्या कोवळ्या वयातली गोष्ट कोर्टापुढे ठेवतात. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ६० व्या कलमाने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, ऐकीव चालत नाही. नव्या साक्ष अधिनियमातही हाच नियम आहे. सामंताची साक्ष तर हाती असलेल्या एका कादंबरीतून घेतलेली. आणि सर्वांवर कडी म्हणजे न्यायाधीश काशीकर स्वतःच आसन सोडून साक्षीदाराच्या जागी येतात, शाळेच्या संचालकांचे फोनवरचे बोलणे कानावर आल्याचे सांगतात आणि पुन्हा जाऊन न्यायाधीश होतात. हे सगळे घडत असताना एकदाही कुणी गंभीरपणे उलटतपासणी घेत नाही.

घेणार कोण? आम्हांला या नाटकाची नाडी येथे सापडते. त्या दिवशी प्रा. दामले आलेले नाहीत, म्हणून सुखात्मे दोन्ही बाजूंचे वकीलपत्र घेतात. फिर्यादीचे वकील म्हणून ते गर्जतात, आणि आरोपीचे वकील म्हणून उभे राहायची वेळ आली की जागा बदलून, खांदे पाडून, दीनवाणा चेहरा करतात. प्रेक्षकांना तो विनोद वाटतो, आणि तो आहेही. बचावाच्या साक्षीदारांत दामल्यांचे नाव पुकारले जाते, ते गैरहजर. बेणारेच्या पोटातल्या मुलाचा बाप बचावाच्या बाजूने गैरहजर राहतो, एवढ्यात सगळे आले. शेवटी आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात. तिचे दीर्घ स्वगत सगळे गोठून उभे असताना होते, म्हणजे कोर्टाच्या नोंदीत ते नाहीच. आणि निकाल असा की तिने जगावे, पण तिच्या उदरातला जीव नष्ट व्हावा.

या निकालावर आमच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. आरोप भ्रूणहत्येचा होता. ती हत्या घडलेलीच नव्हती. बेणारेला ते मूल हवे होते. कोर्टाने ज्या गुन्ह्यासाठी खटला चालवला, तोच गुन्हा शिक्षा म्हणून फर्मावला. खऱ्या कायद्यात तर उलट होते : १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३८२ वे कलम असे होते की देहान्ताची शिक्षा झालेली स्त्री गर्भवती असेल तर उच्च न्यायालयाने शिक्षा पुढे ढकलावी. जीव वाचवण्याची भाषा करणाऱ्या माणसांनी जीव घेण्याचा हुकूम कसा सोडावा, याचे इतके थंड चित्रण मराठीत दुसरे आम्हांला आठवत नाही. आपल्यासारख्यांना ते अधिक बोचावे, कारण अविवाहित मातेची अब्रू चव्हाट्यावर टांगून वर गर्भरक्षणाचे प्रवचन देणारी माणसे आपल्याही गावांत नाहीत असे नाही.

बेणारेची गोष्ट वाचताना आम्हांला दानिएलच्या ग्रंथातील सुसन्ना आठवल्यावाचून राहत नाही. (प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हा तेरावा अध्याय मूळ ग्रंथाचा भाग मानलेला नाही, म्हणून कॅथलिकेतर मराठी वाचकाला ती सहसा माहीत नसते.) तेथेही एका स्त्रीवर व्यभिचाराचा आळ आहे. आळ घेणारे दोघे वडीलधारे त्या वर्षीचे न्यायाधीश आहेत आणि साक्षीदारही तेच. काशीकरांचे पूर्वजच म्हणा ना! लोकांनी विश्वास ठेवला, तिला मरणाकडे नेऊ लागले, आणि तेवढ्यात कोवळ्या दानिएलने गर्दीला थांबवले. त्याने केले काय? दोघांना एकमेकांपासून दूर केले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : कोणत्या झाडाखाली पाहिलेस? दोघांनी दोन झाडे सांगितली. सुसन्ना निर्दोष आहे हे दानिएलला अंतःप्रेरणेने कळले, असे ग्रंथ सांगतो; पण ते त्याने सिद्ध केले उलटतपासणीने. बेणारेच्या खोलीत असा दानिएल नव्हता. ती निर्दोष की दोषी हा प्रश्न दूरच. तिच्या वतीने झाड कोणते हे विचारणारा एकही माणूस नव्हता.

आता विधी महाविद्यालयाकडे वळू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी अभिरूप न्यायालय हा अभ्यासक्रमाचाच भाग केला आहे. शंभर गुणांच्या प्रात्यक्षिकांत ३० गुण मूट कोर्टाचे : वर्षात तीन वेळा उभे राहायचे, दरवेळी दहा गुण, त्यांपैकी पाच लेखी निवेदनाला आणि पाच तोंडी युक्तिवादाला. आणखी ३० गुण खऱ्या न्यायालयात एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले बसून पाहण्याचे, ३० वकिलाच्या कचेरीत पक्षकाराची मुलाखत कशी घेतात ते पाहण्याचे आणि कागदपत्रे तयार करण्याचे, उरलेले दहा तोंडी परीक्षेचे. स्पर्धा याच्या पुढची पायरी. संघाला एक काल्पनिक वादविषय मिळतो. त्यावर दोन्ही बाजूंची लेखी निवेदने तयार करावी लागतात, आणि एका फेरीत अर्जदाराच्या बाजूने, तर दुसऱ्या फेरीत सामनेवाल्याच्या बाजूने उभे राहावे लागते.

म्हणजे सुखात्मेच! एकच तोंड, दोन बाजू. आमच्या ओळखीच्या काही पालकांना, आणि एकदोन धर्मगुरूंनाही, हे खटकते. सकाळी एक बोलायचे आणि दुपारी त्याच्या उलट, यातून मुले सत्याशी प्रतारणा शिकतात, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला हा आक्षेप वरवरचा वाटतो. आपल्या ख्रिस्तसभेने १५८७ पासून कित्येक शतके संतपदाच्या चौकशीत 'सैतानाचा वकील' नेमला; उमेदवाराच्या पुण्याईविरुद्ध जे जे बोलता येईल ते बोलणे हे त्याचे धर्मकर्तव्य होते. दुसरे जॉन पॉल यांनी १९८३ मध्ये ही पद्धत बदलली, तरी विरुद्ध साक्ष ऐकण्याची गरज उरलीच. मदर तेरेसांच्या चौकशीत त्यांचे कडवे टीकाकार क्रिस्टोफर हिचेन्स यांनाही पाचारण करण्यात आले होते. विरुद्ध बाजू पूर्ण ताकदीने मांडणारा माणूस खोटा होत नाही. सुखात्मे खोटे ठरतात ते दोन्ही बाजू मांडतात म्हणून नव्हे. एक बाजू मांडतात आणि दुसरीची नक्कल करतात, म्हणून. मूट कोर्टात अशी नक्कल करणाऱ्याचे गुण कापले जातात. या एका बाबतीत तरी महाविद्यालयाचे खोटे कोर्ट तेंडुलकरांच्या खोट्या कोर्टापेक्षा अधिक खरे आहे.

एवढे श्रेय दिल्यावर तक्रारही मांडली पाहिजे. मूट कोर्टात साक्षीदार नसतो. घटना आधीच ठरलेल्या, छापून दिलेल्या; वाद फक्त कायद्याच्या अर्थाचा. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयातला अपील वाटावा असा तो प्रकार. साक्षीदार उभा करून उलटतपासणी घेण्याचा जो प्रकार, ज्याला इंग्रजीत 'मॉक ट्रायल' म्हणतात, तो आपल्याकडे त्या मानाने कमी. परिणामी विद्यार्थी पूर्वनिर्णयांचे दाखले घडाघडा देतो. पण समोरचा माणूस खोटे बोलतो आहे हे त्याच्या एका शब्दावरून ओळखण्याची दानिएलची विद्या त्याला कुणी शिकवत नाही. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात उद्या त्याला जमिनीचे, वाटणीचे, पोटगीचे खटले चालवायचे आहेत. त्यांत घटनेच्या कलमांचा अर्थ क्वचितच विचारला जाईल. बांध कुणी कोरला हे मात्र रोज विचारावे लागेल.

आणि भाषा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कोर्टकचेरीची भाषा उर्दू. राज्य बदलले, जिल्हा आधी मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि जुलै १९९८ मध्ये शासनाने अधिसूचना काढून दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ पासून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. तेथे घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार इंग्रजी. मूट कोर्टाच्या बहुतेक स्पर्धांनी मात्र दुय्यम न्यायालय जणू अस्तित्वातच नाही असे धरून चालायचे ठरवले आहे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्याबाहेरच्या एका मोठ्या शहरात अशी स्पर्धा आम्ही श्रोत्यांत बसून पाहिली. धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली मुलगी बोलत होती. पाठ केलेले इंग्रजी निवेदन तिने नीट म्हटले. मग परीक्षकांपैकी एकाने मध्येच अडवून विचारले : तुमच्या अर्जदाराने दुसऱ्याच दिवशी तक्रार का केली नाही? मुलगी थबकली. क्षणभराने तिने मराठीत उत्तर दिले, की गावात पोलीस पाटील आरोपीचा चुलता असेल तर बाई दुसऱ्या दिवशी तक्रार करीत नाही, आधी माहेरी जाते. सभागृहात हशा पिकला. उत्तर वादविषयाच्या छापील कागदात नव्हते, म्हणून ते ग्राह्य नव्हते. भाषाही ग्राह्य नव्हती. दोन्हींचे गुण कापले गेले. परीक्षकांनी नियमाबाहेर काही केले असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवसभरात आम्ही ऐकलेले ते एकमेव वकिली उत्तर होते, असे आमचे मत तेव्हा झाले, आणि ते बदललेले नाही. त्या हशात आम्हांला सुखात्म्यांच्या खोलीतला हशा ऐकू आला, हेही कबूल करतो. ऑक्सफर्डच्या शब्दकोशावर हात ठेवून घेतलेली शपथ ही तेंडुलकरांची केवळ गंमत नव्हती, हे त्या दिवशी आम्हांला उमगले.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या २०१४ च्या चित्रपटाचा उल्लेख येथे टाळता येत नाही. वीरा साथीदार यांनी साकारलेला लोकशाहीर नारायण कांबळे मराठीत गातो. त्याचा बचाव करणारा वकील गुजराती, सुखवस्तू, मराठीत अवघडणारा. सरकारी वकीलबाई मराठी, घरी जाऊन स्वयंपाक करणाऱ्या. आरोपीच्या गाण्याचा अर्थ काय, यावर खटला उभा आणि ते गाणे कोर्टातल्या प्रत्येकाला सारखे समजत नाही! तेंडुलकरांच्या नाटकात आरडाओरडा आहे, ताम्हाण्यांच्या चित्रपटात कंटाळा; पुढच्या तारखेचा, फाइलींचा, पंख्याखाली पेंगण्याचा कंटाळा. क्रौर्याचे हे दुसरे रूप पहिल्यापेक्षा सौम्य आहे, असे आम्हांला वाटत नाही. विधी विद्यार्थ्याला खटले बसून पाहण्याचे जे ३० गुण आहेत, त्यांत हा चित्रपट धरावा असे सुचवण्याचा मोह होतो. नियम परवानगी देणार नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आमची सूचना याहून साधी आहे. एखाद्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने 'लीला बेणारे विरुद्ध' हाच वादविषय घ्यावा, मराठीत घ्यावा, आणि मूटऐवजी मॉक ट्रायल म्हणून चालवावा. बाहेरच्या शाखांतून साक्षीदार उभे करावेत. फिर्यादीला आणि आरोपीला वेगवेगळे वकील असावेत, आणि दामल्यांवर समन्स बजावावे. ते आलेच नाहीत तर वॉरंट काढावे. आरोपपत्रातले ३०२ कलम पहिल्या दहा मिनिटांत गळून पडेल. मग फिर्यादी पक्ष ३१२ व्या कलमाकडे वळेल, तेव्हा बचावपक्षाने विचारावे की गर्भ सुरक्षित असताना गर्भपाताचा गुन्हा घडला कधी? कर्णिकांची साक्ष ऐकीव म्हणून वगळण्याचा अर्ज यावा. काशीकर साक्षीदार झाले त्या क्षणी न्यायाधीश राहिले नाहीत, हा मुद्दा लेखी निवेदनात यावा. बेणारेने बोलायचे की नाही हे तिने ठरवावे, आणि बोलली तर तिचा शब्दन्‌शब्द नोंदवला जावा, दहा सेकंदांत बसो वा न बसो. आणि त्या खेड्यातल्या मुलीसारखी कुणी बचावाला उभी राहिली तर तिने पोंक्षे आणि रोकडे यांना एकमेकांपासून दूर बसवावे, आणि मराठीत विचारावे : तारीख कोणती होती, आणि दिवा लागला होता की नव्हता?